सोळा पानांचा रुसवा

त्याला सगळे शिकंजा म्हणत.

शिकंजा म्हणजे बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र. वरचं चाक फिरवलं की पाट खाली येतो. त्यात एकदा सापडलेलं पुस्तक खळ वाळेपर्यंत सुटत नाही. जिन्याखालच्या त्या बांधणीच्या दुकानात असले दोन शिकंजे आहेत, असं त्याची बायको म्हणायची. एक खिडकीपाशी असतो. दुसरा दुपारी जेवायला घरी येतो.

हे नाव ठेवलं कुणी? त्यानेच. उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी विचारलं, धाकट्या भावाशी बोलत का नाही? तो छाती काढून म्हणाला, "मी शिकंजा आहे. आवळला की आवळला." पुढच्या रविवारी खुद्द पाळकांनी "या, शिकंजे" म्हणून हात पुढे केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

वय चौसष्ट. उजव्या अंगठ्याला दाभणाचा घट्टा. नखांत वाळलेली खळ. कॉलेजातल्या पोरांचे प्रबंध, कचेऱ्यांची रजिस्टरं, चर्चची गीतपुस्तकं, सगळं त्याच्याकडे यायचं. आजोबांनी हेच केलं. वडिलांनी हेच केलं.

"आमच्या घराण्यात तीन पिढ्या पुस्तकं आहेत," तो सांगायचा.

"वाचलीत किती?" बायको विचारायची.

"आपण बांधायची. वाचायची गिऱ्हाइकाने."

एक पुस्तक मात्र वाचलं जायचं. घरचं पवित्र शास्त्र. धाकट्याच्या बाप्तिस्म्याच्या आठवड्यात आजोबांनी दोन प्रती बांधल्या होत्या. दोन नातू, दोन प्रती. मोठ्याची रविवारच्या वाचनाला लागली. धाकट्याची फडक्यात गुंडाळून पेटीत गेली आणि तो लग्न करून वेगळा झाला तेव्हा त्याच्याबरोबर गेली.

रविवारच्या वाचनाला आजोबांचा नियम होता. चर्चमधून आल्यावर, जेवायच्या आधी, घरातल्या मोठ्या पुरुषाने एक पान वाचायचं. एकच. पानावर आहे त्यातलं काही गाळायचं नाही, नाही त्यातलं काही पदरचं घालायचं नाही. वाक्य अर्धं राहिलं तर राहू दे. देव काय पळून जातो? पोरांनी आठवडाभर अर्ध्या वाक्यावर बसायचं.

त्या पुस्तकात दोन मुलांची गोष्ट होती. येशूने सांगितलेली. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन जातो, सगळं उधळतो, फाटक्या कपड्यांत परत येतो. बाप त्याला मिठी मारतो आणि मेजवानी घालतो. मोठा शेतावरून येतो, आतला गलका ऐकतो, रागावतो आणि दाराबाहेरच उभा राहतो.

तिथे पान संपायचं. पुढच्या रविवारी उलटलं की भलतंच काहीतरी. मधली सोळा पानं नव्हतीच. अख्खा फर्मा गायब. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं.

चर्चमध्ये पाळक ही गोष्ट पुरी सांगत. बाप बाहेर येतो, मोठ्याची समजूत घालतो, हे शिकंजाला तोंडपाठ होतं. पण ते चर्चचं शास्त्र. घरच्या शास्त्रात मोठा अजून अंगणात होता.

लहानपणी त्याने वडिलांना विचारलं होतं, ती पानं गेली कुठे?

"तुझ्या आजोबांनी स्वतः काढली," वडील म्हणाले. "तेही मोठे. मीही मोठा. तूही मोठा. आजोबा ताठ माणूस. म्हणाले, माझ्या घरातल्या मोठ्याने कुणाच्या मिनतवाऱ्यांनी आत जायचं नाही."

वडिलांनी मान ताठ केली. पोरानेही केली. ती तेव्हा जी ताठ झाली ती झालीच.

लोकांच्या घराण्यात दागिने असतात, जमिनी असतात. शिकंजाच्या घराण्यात रुसवा होता. पिढीजात. जाड पुठ्ठ्यात बांधलेला.

तो वापरायची संधी त्याला पंचावन्नाव्या वर्षी मिळाली. तोवर दोघे भाऊ एकाच दुकानात काम करत. मोठा पुठ्ठे चढवायचा, धाकटा फर्मे शिवायचा. मग धाकट्याने एक दिवस दाभण खाली ठेवलं आणि कॉलेजसमोर स्वतःचं दुकान टाकलं. स्पायरल बाइंडिंगचं. एक खटका दाबला की भोकं, एक तार फिरवली की पुस्तक. पाच मिनिटांचं काम.

शिकंजा ते बघायला गेला. बघून आला आणि आईच्या समोर म्हणाला, "पुस्तकाला भोकं पाडणारा माझा भाऊ नाही."

"आणि तुझ्या टाक्यांना आता विचारतं कोण?" धाकटा म्हणाला.

एवढंच. ना शेत, ना घर. एका तारेवरून नऊ वर्षं गेली. मधल्या काळात आई गेली. मातीच्या वेळी दोघे भाऊ थडग्याच्या दोन बाजूंना उभे होते आणि पाळकांना प्रार्थना करताना कुणाकडे तोंड करावं ते कळेना.

तीन वर्षांपूर्वी पुतणीचं लग्न झालं. पत्रिका आली होती. शिकंजाने कोट घातला, बूट पुसले, हॉलपर्यंत गेला. आत वाद्यं वाजत होती. तो दाराबाहेर उभा राहिला. दहा मिनिटांनी घरी आला.

"कसं झालं लग्न?" बायकोने विचारलं. ती आतच होती, पहिल्या रांगेत. तिने मुद्दाम विचारलं.

"बाहेरून चांगलं झालं," तो म्हणाला.

हा विनोद त्याने पुढे बऱ्याच ठिकाणी सांगितला. लोक हसायचे. तोही हसायचा. रात्री कोट पुन्हा पेटीत ठेवताना त्याला काय वाटलं होतं, ते मात्र त्याने विनोदात घातलं नाही.

मग एका सोमवारी पुतणी दुकानात आली.

"मोठे काका, ओळखलंत?"

नाक त्याच्या आईचं होतं. न ओळखून सांगतो कुणाला?

"गिऱ्हाईक ना? मग ओळखायचं काय. काय बांधायचंय?"

तिने पिशवीतून फडक्यातलं पुस्तक काढलं. पाठ सुटलेली, पुठ्ठा एका धाग्यावर लोंबणारा. धाकट्याची प्रत.

"बाबांनी पाठवलंय. म्हणजे, बाबांनी पाठवलं असं सांगू नको म्हणाले."

"मग सांगितलंस कशाला?"

"खोटं बोलू नको असंही तेच म्हणतात."

"त्याच्याकडे एवढं मोठं मशीन आहे. पाडायची की भोकं."

"बाबा म्हणाले, याला भोकं पाडली तर पणजोबा थडग्यातून उठून येतील."

शिकंजाला हसू आलं. त्याने ते मिशीखाली दाबलं. दाबायची सवय होतीच.

"रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे," ती म्हणाली. "मग घरी वाचन. घरातल्या मोठ्याने वाचायचं असतं ना? म्हणून म्हटलं..."

"तुझा बाप आहे की."

"बाबा धाकटे आहेत."

शिकंजाने पुस्तक उलटंसुलटं केलं.

"शनिवारी घेऊन जा. आणि माझं म्हणशील, तर आमच्या घराण्यात..."

"मोठा आत जात नाही. काकू सांगते ते. आम्ही घरी नक्कलही करतो." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "या ना, काका. बाळाला आजोबांकडचं कुणीच नाही. जे आहेत ते सगळे दाराबाहेर."

ती गेली. शिकंजाने स्वतःला सांगितलं, काम आहे, काम करू. रविवारचं रविवारी बघू. म्हणजे जायचं नाही, हे त्याचं त्यालाही कळलं.

गुरुवारी दुपारी त्याने पुस्तक उसवायला घेतलं. जुना सरस ओल्या फडक्याने मऊ केला, टाके कापले, एकेक फर्मा सुटा करून टेबलावर मांडला. मग खालचे आकडे तपासायला लागला. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो. शिवायच्या आधी ते आकडे ओळीने तपासायचे, हा या धंद्यातला पहिला धडा. आजोबांनी वडिलांना हा धडा पट्टीने शिकवला होता, वडिलांनी त्याला.

एक आकडा दोनदा आला.

त्याने चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. तोच फर्मा, एकामागे एक, दोनदा. सोळा आणि सोळा. दोन्ही एकाच दोऱ्याने, आजोबांच्याच हाताच्या गाठींनी शिवलेले. त्याने वरचं पान वाचलं. पहिल्याच ओळीत बाप घराबाहेर येत होता.

शिकंजा स्टुलावर बसला.

मग उठला, दुकान उघडं टाकून घरी गेला आणि स्वतःची प्रत घेऊन आला. फर्मा जिथे नव्हता तिथे उघडली. बोटाने सांधा ताणला. आत दोरा सरळ, घट्ट, एका फर्म्यातून पुढच्या फर्म्यात गेलेला. फर्मा उपटला असता तर दोरा सैल पडला असता. कापला असता तर कागदाची कड राहिली असती. काही नव्हतं. तिथे कधी काही शिवलंच गेलं नव्हतं.

आजोबांनी रागाने काढला नव्हता. मिनतवाऱ्यांचं तत्त्व नव्हतं. म्हातारा चुकला होता. दोन प्रती एका टेबलावर मांडल्या, मोठ्या नातवाचा फर्मा धाकट्याच्या गठ्ठ्यावर पडला आणि आकडे तपासायचे राहिले. तो आठवडा बाप्तिस्म्याचा. घरात तान्हं रडत असणार. लक्ष उडालं असणार.

म्हणजे पुन्हा दोष धाकट्याचाच, असा विचार शिकंजाच्या मनात आला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा.

चाळीस वर्षं त्याने लोकांची पुस्तकं उसवून आकडे तपासले होते. कॉलेजातल्या पोरांना खडसावलं होतं. स्वतःच्या पुस्तकाच्या सांध्यात बोट घालायला मात्र त्याला कधी सुचलं नाही. बोट घातलं असतं तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं. कदाचित म्हणूनच घातलं नसेल.

त्याने डोळे मिटले. "हे बापा," तो म्हणाला. पुढे काय म्हणावं ते सुचेना. क्षमा मागावी, तर हसू येत होतं. हसावं, तर आईच्या थडग्याची ती दुसरी बाजू आठवत होती. खळ भांड्यात वाळून गेली.

संध्याकाळी त्याने बायकोला दोन्ही प्रती दाखवल्या. तिने दोन्ही सांध्यांवरून बोट फिरवलं. मग हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

"म्हणजे साठ वर्षं तुमचं घराणं चुकून रुसलंय?"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत की. छाती काढून तुम्हीच सांगितलंय सगळ्यांना." तिने डोळे पुसले. "आता काय करणार?"

काय करायचं ते धंद्याला ठाऊक होतं. जादा फर्मा इकडून काढायचा, तिकडे शिवायचा. दोन्ही पुस्तकं पुरी. पण त्याच धंद्याचा दुसरा नियम होता: गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्याच्या पुस्तकातलं पान काढायचं नाही.

"गिऱ्हाईक कोण?" बायको म्हणाली.

त्याने धाकट्याच्या प्रतीवरचं फडकं नीट केलं.

"जा मग. गिऱ्हाइकाकडे जायला मानपान लागत नाही."

शुक्रवारी सकाळी तो कॉलेजसमोर उभा होता. समोरच्या फुटपाथवर, फर्मा कागदात गुंडाळून काखेत. आतून खटक, खटक आवाज येत होता. दर खटक्याला त्याच्या दाढेत कळ यायची. पोरं वह्या घेऊन आत जात होती, तार लावून बाहेर येत होती. पाऊण तासात तेवीस पोरं. त्याच्याकडे आठवड्याला तेवीस यायची नाहीत.

खटका थांबला. धाकटा बाहेर आला. केस सगळे पांढरे. शिकंजाच्या मनातल्या धाकट्याचे केस अजून काळे होते. नऊ वर्षं त्याने धाकट्याकडे मान वर करून पाहिलंच नव्हतं आणि कुणाला काही कळवू दिलं नव्हतं.

"दादा, आत ये."

"कामासाठी आलोय. आत यायची गरज नाही."

"मग बाहेर बोल."

शिकंजाने कागद सोडला. "तुझ्या प्रतीत हा फर्मा दोनदा आहे. माझ्यात नाही. आजोबांची चूक. जादा आहे तो मी घेतो. तुझी परवानगी लागते."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"चूक. पोरीच्या लग्नापासून माहीत आहे. तू हॉलच्या दारात उभा होतास. मी आतून बघत होतो. तुझ्याकडे यायला निघालो, तर फोटोवाल्याने ओढलं. येईतो तू गेलेला. त्या दिवशी डोक्यात उजेड पडला, की तुझी ती सोळा पानं माझ्याकडे आहेत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आलो होतो सांगायला. त्याच आठवड्यात. हातात मिठाईचा पुडा होता. तू म्हणालास, दुकान बंद आहे."

शिकंजाला ते आठवत होतं.

"सकाळचे अकरा वाजले होते, दादा. तू टेबलाशी बसून पुठ्ठा कापत होतास."

समोरून एक पोरगी वही घेऊन आली. दुकानदार रस्त्यात बघून बावरली. "दोन मिनिटं थांब," धाकटा तिला म्हणाला. मग मोठ्याकडे वळला.

"आमच्याकडेही रविवारी एकच पान वाचतात. आजोबांचा नियम. बाप एकदा बाहेर यायचा आणि सोळा रविवारांनी पुन्हा यायचा. पोर लहान असताना विचारायची, हा परत का आला? मीच मग ठोकून दिलं, की पहिल्यांदा मोठ्याने ऐकलं नाही म्हणून."

शिकंजाने फर्म्याची कड बोटाने सरळ केली. ती सरळच होती.

"तर मग देतोस ना हा?"

"नाही."

"अरे, तुझ्याकडे दोन आहेत!"

"एक काढलास तर माझ्याकडे बाप एकदाच बाहेर येईल. एकदा बोलावल्यावर येणाऱ्यातला तू आहेस का?"

शिकंजाने फर्मा पुन्हा कागदात गुंडाळायला घेतला.

"पुडा घेऊन आलो ते एकदा," धाकटा म्हणाला. "पोरीला पाठवलं ते दुसऱ्यांदा. तिसरा फर्मा आजोबांनी शिवलेला नाही. रविवारी घरी यायचं आणि माझ्या प्रतीतून वाचायचं. नाहीतर राहा उभा. मी आत चाललो. ऊन लागतंय. मीही साठीचा झालो."

तो खरंच आत गेला. पोरगीही गेली. खटका पुन्हा सुरू झाला.

शिकंजा फुटपाथवर उभा राहिला. किती वेळ, ते त्याने नंतर कधी नीट सांगितलं नाही. कधी पाच मिनिटं म्हणायचा, कधी पंधरा. मग त्याने रस्ता ओलांडला. दुकानाच्या पायरीला ठेच लागली आणि तो आत गेला तो जवळजवळ पडतच.

"मला पाणी दे," तो म्हणाला. नऊ वर्षांनी भावाच्या दारातून आत आल्यावरचं हे पहिलं वाक्य. याहून बरं काही सुचायला हवं होतं.

शनिवारी त्याने पुस्तक बांधून पुरं केलं. दोन्ही फर्मे आत, जसे होते तसे. आकडे तीनदा तपासले आणि आजोबांची चूक जशीच्या तशी शिवली. एवढ्या काळजीने कुणी चूक शिवली नसेल.

रविवारी चर्चमध्ये बाळ पाण्याला न रडता पाळकांच्या चष्म्याला रडलं. मग सगळे धाकट्याच्या घरी आले. शिकंजा उंबरठ्यापाशी अडखळला, तेव्हा मागून बायको म्हणाली, "अहो, सरका. मागे माणसं आहेत." आणि तो आत गेला.

खोलीत वीसेक माणसं. बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जात होतं. जेवण झाकून ठेवलेलं. धाकट्याने नवी बांधलेली प्रत मोठ्याच्या हातात दिली. शिकंजाने घसा साफ केला. आज दोन मुलांची ती गोष्ट आपल्या तोंडून निघणार, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. डोळ्यांत पाणी आलंच तर रुमालही इस्त्रीचा आणला होता.

त्याने फितीपाशी पुस्तक उघडलं. मागच्या रविवारी धाकटा जिथे थांबला होता, तिथे. त्या पानावर नावं होती. नुसती नावं. कोण कुणाचा मुलगा, तो कुणाचा, तो पुढे कुणाचा. बापांच्या बापांची भलीमोठी रांग.

"हेच?" त्याने हळूच विचारलं.

"नियम आहे," धाकटा म्हणाला. "गाळायचं नाही."

शिकंजाने वाचलं. जीभ दोनदा अडकली. एक नाव त्याने तीन वेगवेगळ्या प्रकारे म्हटलं. मागे कुणीतरी खुसखुसलं. एवढी माणसं, आणि प्रत्येकाला बाप. यांतले कितीजण घरात होते आणि कितीजण अंगणात, ते पानावर लिहिलेलं नव्हतं. बाळ रडायला लागलं, पुतणीने त्याला खांद्यावर घेतलं आणि शिकंजाने त्याच्या वरताण आवाज काढला. खालच्या ओळीत एका मुलाचं नाव आलं. बापाचं पुढच्या पानावर होतं.

तो थांबला.

"आमेन," म्हणून सगळे ताटांकडे वळले.

शिकंजाने फीत त्या पानात घातली. "त्या गोष्टीला किती अवकाश आहे?"

"अडतीस रविवार. मोजलेत."

"आणि दुसऱ्यांदा?"

"चोपन्न. आजोबांसारखा मी मोजणीत चुकत नाही."

शिकंजाने हिशेब केला. वर्षाहून जास्त.

"म्हणजे वर्षभर रविवारचा स्वयंपाक नाही," त्याची बायको ताट वाढून घेत म्हणाली. "देवा, तुझी कृपा."

तो टेबलाशी बसला. ताटाशेजारी आजच्या गीतांची पुस्तिका होती, धाकट्याच्या दुकानातली, तारेची. उघडी पडलेली. हात न लावता सपाट. त्याने स्वतः बांधलेलं एकही पुस्तक असं राहत नसे. त्याने इकडेतिकडे पाहून ती एका बोटाने मिटली. थोडा वेळ वाट पाहिली. मग पुन्हा उघडून पाहिली.

"राहते का?" मागून धाकट्याने विचारलं.

"राहते," शिकंजा म्हणाला. "जेवण वाढ."